रेशनच्या तांदळाचे माहेर

आयुष्याची एकतीस वर्षे मी नागपुरात धान्याच्या गोदामात पोती वाहिली. गव्हाचे पोते पाठीवर कसे बसते आणि तांदळाचे कसे, हे मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. पण ज्या पोत्यांनी पाठ वाकवली, त्यांतला तांदूळ कोणत्या गावाच्या बांधीत पिकला, हे मी कधी विचारले नव्हते. पोत्यावर शिक्का असायचा. तो वाचायला वेळ कोणाला होता? ट्रक खाली करायचा, थप्पी लावायची आणि संध्याकाळी आपल्या रेशन दुकानाच्या रांगेत पिशवी घेऊन उभे राहायचे. दिवसभर पाठीवर तोच तांदूळ आणि रात्री ताटातही तोच.

2025 च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीच्या नातीचे बारसे होते. बहीण गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याच्या पुढे, घाटाच्या अलीकडच्या एका गावी दिली आहे. निवृत्त झाल्यापासून "दादा, या ना एकदा सवडीनं," असा तिचा लकडा होताच. या वेळी हिला सोबत घेतले आणि आठ दिवसांसाठी निघालो.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असे करत बस जाते. पूर्वी नागभीडपर्यंत छोट्या रुळांची गाडी होती. रूळ मोठे करण्यासाठी ती 2019 मध्ये बंद झाली, तेव्हापासून आमच्यासारख्यांना बसच. ब्रह्मपुरी सोडली की वैनगंगेचा पूल येतो आणि पूल ओलांडला की वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज, पण कंडक्टरही वडसाच म्हणतो. इथे झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई आणि रात्रभर नाटक. नाटकाचा हंगाम धानाच्या हंगामाला बांधलेला आहे. हाती धानाचे पैसे आले तर तंबू भरतो, नाही तर नटही उपाशी आणि प्रेक्षकही. याच कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीच्या सेवेसाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, हे आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल.

वडशाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांध्या लागतात. मे महिन्यात त्या कोरड्या, भेगाळलेल्या असतात. मधूनमधून मोहाची झाडे आणि पुढे पुढे जंगल. बहिणीच्या गावाच्या तोंडाशी बस थांबली आणि उतरल्या उतरल्या माझी नजर गेली ती उघड्या मैदानावर. तिथे पोत्यांच्या थप्प्या होत्या. एक नाही, दोन नाही, ओळीने लागलेल्या. वर निळ्या-काळ्या ताडपत्र्या, त्यांवर दगड आणि दोऱ्या. एका थप्पीच्या सावलीत बाजेवर एक माणूस बसला होता.

"हे काय आहे?" मी जावयांना विचारले.

"सोसायटीचं धान हाये जी. डिसेंबरात घेतलेलं. अजून उचललंच नाई."

मला राहवले नाही. बॅग बहिणीच्या हाती देऊन मी थप्पीपाशी गेलो. खाली डनेज म्हणून लाकडाच्या चौकटी हव्यात. त्या अर्ध्याच थप्प्यांखाली होत्या, बाकी ठिकाणी भुशाची पोती आणि दगड टाकलेले. कडेचे एक पोते मी हातांनी जोखले. धानाचे पोते चाळीस किलोचे असते. ते चाळीस नव्हते. माझ्या हाताला काटा लागत नाही. अडतीसच्याही खालीच होते ते. बाजेवरचा माणूस उठून आला. जावयांनी ओळख करून दिली. मी "जय भीम" म्हटले, तो "जय सेवा" म्हणाला. हा आदिवासी सोसायटीचा सचिव निघाला. चौकीदाराला पगार द्यायला पैसे नाहीत म्हणून रात्रीची राखण तो आणि त्याचा मुलगा आळीपाळीने करत होते.

"तुमाले कसं कडलं का पोतं हलकं हाये?" त्याने विचारले.

"मी हमाल आहे," मी म्हणालो.

त्या एका शब्दावर आमची दोस्ती झाली. पुढचे आठ दिवस मी रोज संध्याकाळी त्या बाजेवर बसलो. त्याने जे सांगितले ते वाचकांना सांगावे असे वाटले, म्हणून हा लेख.

ही सोसायटी म्हणजे आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था. या भागात तिला थोडक्यात 'आविका' म्हणतात. सभासद बहुतेक गोंड, थोडे कंवर आणि हलबा. संस्था आदिवासींची असली तरी काट्यावर गावातल्या सगळ्यांचे धान येते. आपल्या समाजाची पंचवीसेक घरे त्या गावात आहेत, दीड-दोन एकरांचे शेतकरी, त्यांचेही. म्हणजे संस्था बुडाली तर नुकसान एका जमातीचे नाही.

संस्था निघाली कशी, हे मला सचिवाच्या आईने सांगितले. म्हातारीला सगळे आजी म्हणतात. तिच्या लहानपणी गावात मिठाचा व्यापारी यायचा. जंगलातून वेचून आणलेली चारोळी द्यायची आणि मीठ घ्यायचे. पावसाळ्यात घरचे धान संपले की सावकाराकडून काढायचे आणि पीक आले की दीडपट फेडायचे. याला वाढीदिढी म्हणतात. "त्याची द्यायची पायली लहान अन् घ्यायची पायली मोठी," आजी म्हणाली. "आमी डोड्यानं पाहत होतो, पन बोलता येत नोतं."

हे थांबवण्यासाठी सरकारने पावले टाकली ती सत्तरच्या दशकात. 1971 मध्ये केंद्र सरकारच्या बावा समितीने सुचवले की आदिवासी भागात कर्ज, खरेदी आणि विक्री एकाच छपराखाली करणाऱ्या मोठ्या सहकारी संस्था हव्यात. 1972 मध्ये राज्याचे सहकारी आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. 1976 मध्ये आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा झाला आणि त्याखाली एकाधिकार खरेदी आली. म्हणजे आदिवासींचा ठरावीक माल व्यापाऱ्याने नव्हे, तर महामंडळाने गावच्या संस्थेमार्फत घ्यायचा. 1978 पासून पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी खावटी कर्ज सुरू झाले. हे कर्ज पुढे बंद पडले. करोनाच्या वर्षी, 2020 मध्ये, सरकारने ते एका वर्षासाठी अनुदान म्हणून दिले. कुटुंबामागे 4000 रुपये, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंत.

आता संस्थेचे मुख्य काम म्हणजे आधारभूत किमतीने धान घेणे. 2024-25 च्या हंगामात साध्या धानाचा भाव क्विंटलला 2300 रुपये होता. शेतकरी सातबारा घेऊन ऑनलाइन नोंदणी करतो, केंद्रावर धान आणतो, यंत्राने ओलावा मोजतात, काटा होतो आणि चुकारे सरळ त्याच्या बँकेच्या खात्यात जमा होतात. पुढे मिलवाला ते धान उचलतो, भरडतो आणि क्विंटल धानामागे 67 किलो तांदूळ सरकारला देतो. तो तांदूळ रेशन दुकानात जातो. म्हणजे तुमच्या-माझ्या पिशवीत येतो.

ऐकताना सगळे सरळ वाटते. मग संस्था अडचणीत का? सचिवाने बाजेखालून वही काढली. मी त्याला म्हणालो, मला हिशेब समजेल असा सांग, मी सातवी शिकलो आहे. त्याने सांगितले तो असा.

धान घेताना त्यात 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. म्हणजे शंभर किलो धानात सतरा किलो पाणी आणि त्र्याऐंशी किलो कोरडा दाणा. डिसेंबरात घेतलेले हे धान महिना-दीड महिन्यात उचलले गेले तर प्रश्न नाही. पण ते मे महिन्यापर्यंत उन्हात पडले तर ओलावा 12 टक्क्यांपर्यंत उतरतो. दाणा तेवढाच, त्र्याऐंशी किलो. पाणी मात्र कमी झाले. आता पूर्ण वजन भरते चौऱ्याण्णव किलोंच्या थोडे वर. क्विंटलमागे साडेपाच किलोंहून जास्त तूट, आणि ती कोणी चोरलेली नाही, सूर्याने नेलेली आहे. उंदीर, वाळवी, फाटलेला बारदाना आणि सांडलवंड हे वेगळेच.

समजा, संस्थेने एक हजार क्विंटल धान घेतले आणि ते मेपर्यंत राहिले. सुमारे 57 क्विंटल हवेत गेले. 2300 रुपयांच्या भावाने ते सव्वा लाखाच्या वर जाते. नियमात जी तूट मान्य होते ती या पाच-सहा टक्क्यांच्या जवळही जात नाही. वरची तूट संस्थेच्या नावावर पडते आणि तिच्या कमिशनमधून वळती होते.

"आनि कमिशन किती?" सचिवाने मलाच विचारले आणि मलाच सांगितले, "एका क्विंटलमागं जे येते त्याच्यात दीड किलो धानबी येत नाई जी."

दीड किलोसुद्धा मिळकत नाही आणि साडेपाच किलो तूट. वाचकहो, हा हिशेब आपल्या घरातली सातवीतली मुलगीही करू शकते. यात ना भ्रष्टाचार हवा, ना आळस हवा. संस्था प्रामाणिक राहिली तरी दर हंगामाला थोडी थोडी बुडत जाते. शिवाय कमिशन हाती येते ते धान उचलून झाल्यावर, हिशेब जुळल्यावर. खर्च मात्र पहिल्या दिवसापासून. हमाली, ताडपत्री, काट्याची दुरुस्ती, वीज, नोंदणी करणाऱ्या पोराचा पगार. सचिवाचा स्वतःचा पगार दीड वर्ष थकला होता. बायकोच्या शेळ्या विकून त्याने मुलाची कॉलेजची फी भरली होती.

धान उचलले का जात नाही? भरडाईच्या दरावरून मिलवाले आणि सरकार यांची ओढाताण हे एक कारण. आधीच्या हंगामाचा तांदूळ गोदामात पडून असतो, नव्याला जागा नसते, हे दुसरे. आणि खेड्यात धान ठेवायला गोदामच नाही, हे तिसरे. शेतकऱ्याला बोनस मिळतो, 2023-24 च्या हंगामासाठी तो हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत होता. त्याने शेतकऱ्याला हातभार लागतो. पण ज्या संस्थेच्या काट्यावर तो धान घालतो, तिच्या तुटीसाठी त्यातला पैसाही येत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले. त्या वर्षी पावसाने कॅलेंडर पाळलेच नाही, मोसमी वारे मे महिन्यातच महाराष्ट्रात उतरले. वारा सुटला, आणि गावातली माणसे तेंदूपत्त्याच्या फळीवर गेलेली. मी, जावई, सचिव, त्याचा मुलगा आणि आजूबाजूच्या आठ-दहा बाया धावलो. एक ताडपत्री दोरी तुटून उडाली. बायांनी तिच्या कडेवर अक्षरशः बसून ती धरून ठेवली. त्यांत माझी बहीणही होती आणि आमच्या मंडळी, ज्यांना गुडघ्याने चालवत नाही, त्याही. अर्धा तास पाऊस झाला. उघड्या पडलेल्या थप्पीवरची वीसेक पोती भिजली. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर ती सोडून धान पसरून वाळवले. त्याची मजुरी कोणी मागितली नाही आणि संस्थेकडे ती द्यायला नव्हती.

त्या पावसाने सभा लवकर बोलावली गेली. रात्री जेवणे झाल्यावर गोटुलासमोरच्या पटांगणात माणसे जमली. तेंदूची पाने तोडून, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून दमलेली माणसे. जावई सभासद नाहीत, पण धान तिथेच घालतात म्हणून त्यांना बोलायची मुभा. मी पाहुणा म्हणून कडेला बसलो.

प्रश्न एकच होता. पुढच्या हंगामात केंद्र घ्यायचे की नाही?

एक शिकलेला तरुण उभा राहिला. तो म्हणाला, "आपन कर्जात चाललो. केंद्र सोडून देऊ. ज्याले चालवाचं त्यानं चालवावं." त्याचे चुकीचे नव्हते. पुष्कळ माना हलल्या. मग एकाने विचारले की दुसरे केंद्र किती लांब? ट्रॅक्टरचे भाडे किती? ज्याच्याकडे दहाच पोती आहेत तो भाडे देईल की दारात आलेल्या व्यापाऱ्याला धान देईल? यावर तरुण गप्प झाला, पण बसला नाही. म्हणाला, "मंग तूट कोन भरन ते सांगा."

कोणी म्हणाले, सभासदांनी क्विंटलमागे काही रुपये द्यावेत. बायांनी ते लगेच नाकारले. आधारभूत भाव घेऊन पुन्हा त्यातलेच पैसे परत द्यायचे तर भाव कशाचा? अध्यक्षांनी सांगितले की वर अर्ज दिले आहेत, तूट वाढवून मागितली आहे, उत्तराची वाट आहे. ते ऐकून कोणी काही बोलले नाही. अर्ज दरवर्षीच जातात.

तेव्हा आजी बसल्या जागेवरून बोलली. थोडे गोंडीत, थोडे झाडीबोलीत. जावयांनी मला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "तूट तर सावकाराच्या पायलीतबी होती. ते आमच्या घरातून जाये. आता संस्थेच्या घरातून जाते. पन तवा किती गेलं ते कोनी लिवत नोतं. आता माझा पोरगा लिवते." मग तिने बायांच्या धान्यकोषाची गोष्ट काढली.

हा धान्यकोष मी आदल्या दिवशीच पाहिला होता. बचत गटाच्या बायांनी एका घराच्या पडवीत मातीच्या दोन मोठ्या कोठ्या बांधल्या आहेत. पीक आले की प्रत्येक घराने ठरलेले धान टाकायचे. आषाढ-श्रावणात ज्याचे संपले त्याने काढायचे आणि पीक आल्यावर चार पायल्यांना पाच परत करायच्या. ही सवाईही सावकाराला नाही, कोठीलाच जाते. त्यात गोंड बाया आहेत, आपल्याही आहेत. कोठीला शेणामातीचा लेप, वर झाकण, खाली उंच ओटा. त्यांच्या धानाला उंदीर लागत नाही आणि पाऊस लागत नाही. "आमच्या कोठीले छप्पर हाये," आजी म्हणाली, "म्हून ते बुडत नाई. सोसायटीले छप्पर नाई."

बोलणे मग छपरावर आले. ग्रामसभेकडे तेंदूचे पैसे येणार होते. वनहक्क कायदा 2006 मध्ये झाला, त्यानंतर या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आपला तेंदू स्वतः विकतात. एरवी तो पैसा मजुरी आणि गावाच्या कामांना जातो. त्यातला काही भाग घालून गावाच्या जागेवर टिनाची शेड उभी करायची, उंच ओट्यावर. शेड ग्रामसभेच्या मालकीची राहील आणि कमिशन आले की संस्था तिला भाडे देईल. शिवाय धान घेताना ओलाव्याचा आकडा आणि उचल होताना ओलाव्याचा आकडा, दोन्ही दर थप्पीला वहीत लिहायचे, म्हणजे सुकण्याने किती गेले आणि हयगयीने किती, हे वर दाखवता येईल. हा दुसरा मुद्दा त्या तरुणानेच मांडला. वही ठेवायचे काम त्याच्याच गळ्यात पडले आणि त्याने ते घेतले.

तरीही चौघा-पाचांचा विरोध होता. तेंदूचा पैसा घामाचा आहे, तो बुडत्या संस्थेत का घालायचा, असे त्यांचे म्हणणे. ते रागावून उठून गेले नाहीत, पण हातही वर केला नाही. रात्री बारा वाजता ठराव लिहिला गेला. अंगठे आणि सह्या झाल्या. शेडने धान सुकायचे थांबत नाही, हे सगळ्यांना कळत होते. पावसाने सडायचे तेवढे थांबेल.

निघायच्या दिवशी सचिवाने मला विचारले, "तुमी नागपूरले तांदूड उचलत होता, तवा पोत्यात खडे, तुकडा निघत होता का?" मी म्हणालो, निघायचा आणि आम्ही शिव्या द्यायचो. तो हसला. "आमालेच लागत होत्या जी त्या." मी मान खाली घातली. रेशनचा तांदूळ वाईट निघाला की आपण दुकानदाराला बोलतो, सरकारला बोलतो. पण तो दाणा सहा महिने उघड्यावर पडला होता आणि त्याच्या राखणीला बिनपगारी माणूस रात्रभर जागत होता, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

ऑगस्टमध्ये बहिणीचा फोन आला. शेडचे खांब आणि ओटा झाला आहे, टिना अर्ध्याच बसल्या. धान जूनअखेर उचलले गेले, पण दोन थप्प्यांच्या तळच्या पोत्यांना कोंब आले होते. ती तूट लिहिली गेली आहे. कमिशन अजून आलेले नाही. बायांच्या कोठीतून मात्र आषाढात धान निघाले, तीन घरे आपली होती. आणि संस्थेने नव्या हंगामाचे केंद्र घेतले आहे. भाव 2369 झाला आहे.

"वही कोण लिहितो?" मी विचारले.

"तोच पोरगा," ती म्हणाली. "रोज लिवते."

आपल्या वस्त्यांतही पतपेढ्या आहेत, बचत गट आहेत. एखादी संस्था तोट्यात गेली की कोणी तरी खाल्ले असेल, असे आपण चटकन म्हणतो. कधी ते खरेही असते. पण बोलण्याआधी एकदा वही मागून पाहावी. तूट माणसाने केली की उन्हाने, ते वहीतच कळते.

परवा रेशनचा तांदूळ आणला. 2023 पासून तो फुकट मिळतो. नात निवडायला बसली आणि एक तुसाचा दाणा उचलून म्हणाली, "आजोबा, हे बघा, धान राहिलं." मी तो दाणा हातात घेतला आणि तिला कुरखेड्याच्या पुढच्या त्या मैदानाची सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता तिचा तांदूळ निवडून झाला.